डोनर ७१ वर्षांचा आहे म्हणून लिव्हर नाकारायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. बाबा ५८ वर्षांचे, फॅटी लिव्हर वाढत वाढत सिरोसिस झालाय, पोटात पाणी होतं, मेल्ड स्कोर (रक्ततपासण्यांवरून काढलेला, लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितका धोका जास्त) २४, पुण्यातल्या एका हॉस्पिटलमधून वेटिंग लिस्टवर नाव आहे. मागे एकदा रात्री को-ऑर्डिनेटरचा फोन आला की लिव्हर मिळू शकतंय, डोनर ७१ वर्षांचे, मेंदूत रक्तस्राव होऊन ब्रेन डेड झालेले. घरात काका म्हणाले की सत्तरीतल्या माणसाचं लिव्हर घालून काय फायदा, ते किती वर्षं चालणार, आणि तुम्ही "नको" असं कळवलंत. आता तुम्हाला विचारायचंय की परत असा फोन आला तर काय करायचं, आणि आई ५७ ची आहे, तिचा रक्तगट जुळतो, ती म्हणतेय माझंच घ्या, तर ते जास्त बरं का.

सगळ्यात आधी, त्या रात्रीचा विचार करून स्वतःला त्रास करून घेऊ नका. तेवढ्या वेळात, फोनवर, फक्त "७१" एवढा एकच आकडा हातात असताना बहुतेक घरं नाहीच म्हणतात. असा फोन यायच्या आधीच हे सगळं समजावून सांगणं हे आम्हा डॉक्टर लोकांचं काम आहे. लिस्टवर नाव घालताना या विषयावर नीट अर्धा तास बसून बोलणं व्हायला पाहिजे आणि बऱ्याच ठिकाणी तेवढं होत नाही.

काकांनी जी तुलना केली ना, ७१ वर्षांचं लिव्हर विरुद्ध तिशीतल्या माणसाचं लिव्हर, ती मनात करायला सोपी आहे पण त्या रात्री तिशीतल्या माणसाचं लिव्हर समोर नव्हतंच. समोर दोनच गोष्टी होत्या, ७१ वर्षांच्या माणसाचं काम करणारं लिव्हर आणि बाबांचं स्वतःचं, निकामी होत चाललेलं लिव्हर. मेल्ड २० ते २९ च्या पट्ट्यातल्या पेशंटमध्ये ट्रान्सप्लांट न होता तीन महिन्यांत जाण्याचं प्रमाण साधारण पाचात एक असं जुन्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, आणि ३० च्या वर गेलं की ते निम्म्यापर्यंत जातं. म्हणजे थांबणं हीसुद्धा एक ट्रीटमेंट निवडल्यासारखंच आहे आणि तिलाही तिचा धोका आहे. कुठल्याही ऑफरबद्दल मी नातेवाइकांशी बोलतो तेव्हा पहिला प्रश्न हाच ठेवतो, की हे लिव्हर कशाच्या तुलनेत वाईट?

आता वयाबद्दल. लिव्हर हा अवयव बाकीच्या अवयवांपेक्षा वेगळा म्हातारा होतो. हृदय, किडनी यांच्यावर वय सरळ दिसतं. लिव्हरच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कार्बन डेटिंगने, म्हणजे पुरातत्त्व खात्यात जे तंत्र वापरतात त्याच धर्तीवर, २० ते ८४ वयाच्या लोकांची लिव्हर तपासली आणि त्यांना दिसलं की माणूस वीस वर्षांचा असो की ऐंशीचा, त्याच्या लिव्हरच्या पेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच असतं. काही पेशी दहा वर्षांपर्यंत टिकतात पण बहुतेक सतत बदलत असतात. याचा अर्थ वयाचा काहीच फरक पडत नाही असा अजिबात नाही, तो कुठे पडतो ते पुढे सांगतो, पण "सत्तरी ओलांडली म्हणजे लिव्हर संपलं" हे चूक आहे.

अमेरिकेतल्या ट्रान्सप्लांटच्या नोंदींवर एक अभ्यास झाला, १९९० ते २०२२ मधली अडीच लाखांच्या वर ट्रान्सप्लांट. त्यात डोनरच्या शरीरातली वर्षं आणि नंतर पेशंटच्या शरीरातली वर्षं मिळून शंभरी गाठलेली २५ लिव्हर सापडली. या २५ जणांना ज्यांनी लिव्हर दिलं त्यांचं सरासरी वय जवळपास ८५ होतं. अडीच लाखांत पंचवीस म्हणजे फार थोडी हे खरं, ती नीट निवडून घेतलेली होती, त्या डोनरमध्ये डायबेटीस कमी होता, लिव्हरचे एन्झाइम चांगले होते. पण मला त्यातून जे घ्यायचंय ते हेच, की निवड नीट केली तर वय आपोआप आड येत नाही. इटलीत फ्लॉरेन्सला २०२२ मध्ये शंभरी पूर्ण झालेल्या एका बाईंचं लिव्हर वापरलं गेलं. अमेरिकेत मिसूरी राज्यात २०२४ मध्ये ९८ वर्षांच्या एका माजी सैनिकाचं लिव्हर ७२ वर्षांच्या बाईंना दिलं. ही टोकाची उदाहरणं झाली, रोजची नाहीत. रोजचं बघायचं तर स्पेन बघा, तिथे डोनरपैकी निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे असतात आणि अवयवदानात तो देश जगात सगळ्यात पुढे आहे, दर दहा लाख लोकांमागे चाळीसच्या वर डोनर. आपल्याकडे तो आकडा एकाच्याही खाली आहे, अख्ख्या देशात वर्षाला अकराशेच्या आसपास ब्रेन डेड डोनर. एवढ्या थोड्या डोनरमध्ये आपण वयाचीच चाळणी लावत बसलो तर लिस्टवरच्या माणसाने काय करायचं?

बरं, मग वयाचा फरक पडतो कुठे. लिव्हर आकाराने थोडं लहान होतं, त्यातला रक्तपुरवठा कमी होतो, रंग जरा गडद तपकिरी होतो. हे दिसतं पण त्रास देत नाही. खरा त्रास देतो तो वेळ. लिव्हर डोनरच्या शरीरातून काढून थंड द्रावणाने धुऊन बर्फात ठेवतो तेव्हापासून पेशंटच्या शरीरात रक्त सुरू होईपर्यंतचा जो काळ, त्याला आम्ही कोल्ड टाइम म्हणतो, तो जुन्या लिव्हरला जास्त बाधतो. तरुण लिव्हर दहा तास बर्फात राहूनही बऱ्याचदा सावरून घेतं, सत्तरीतल्या लिव्हरला आम्ही सात-आठ तासांच्या आत बसवायचा आटापिटा करतो, त्याहून कमी झालं तर उत्तमच. म्हणून डोनर कुठे आहे हे डोनर किती वर्षांचा आहे याच्याइतकंच महत्त्वाचं. डोनर पुण्यातच आणि पेशंटही पुण्यात असेल तर ७१ हा आकडा मला फार घाबरवत नाही. तेच लिव्हर नागपूरहून विमानाने येणार, विमानाची वेळ नक्की नाही, आणि पेशंटचं आधी एकदा पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं म्हणजे आतलं चिकटलेलं सोडवतानाच तीन तास जाणार, असं असेल तर मी त्याच लिव्हरला नाही म्हणेन. तुम्हाला त्या फोनवर डोनर कुठल्या गावात आहे हे सांगितलं होतं का? पुढच्या वेळी विचारा.

दुसरी गोष्ट रक्तवाहिनी. लिव्हरला जी शुद्ध रक्ताची धमनी जाते ती वयाबरोबर कडक होते, विशेषतः डायबेटीस, ब्लडप्रेशर, सिगरेट यांची जोड असेल तर. ती आम्ही बोटात धरून बघतो, चांगली असेल तर मऊ, दाबली की चपटी होणारी लागते, खराब असेल तर गंजून कडक झालेल्या नळाच्या पाइपसारखी कडकड लागते आणि टाका घालताना आतला थर सुटून येतो. अशी धमनी जोडली तर पुढे त्यात गुठळी व्हायची भीती, आणि धमनी बंद पडली तर सगळ्यात आधी पित्तनळ्या मरतात कारण त्यांना रक्त फक्त त्या धमनीतूनच मिळतं. म्हणून अशा पेशंटमध्ये ऑपरेशननंतर पहिले काही दिवस डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे धमनीतून रक्त वाहतंय का ते दाखवणारी, रोज करतो. पित्तनळीचे अडथळे हा जुन्या लिव्हरचा खरा, नंतर उगवणारा त्रास आहे, दोन-चार महिन्यांनी खाज सुटते, डोळे पिवळे दिसतात, मग दुर्बिणीतून स्टेंट टाकावा लागतो, काहींना तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं. हो म्हणायचं तर हे धरून हो म्हणायचं.

आणि तिसरी गोष्ट चरबी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे हाच मुद्दा वयापेक्षा मोठा झालाय. भारतात मोठ्या माणसांमध्ये फॅटी लिव्हरचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास आहे असं वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज करून दिसलंय. म्हणजे बाइक अपघातात ब्रेन डेड झालेला ३४ वर्षांचा मुलगा, दिसायला तरुण, घरचे म्हणतात "तरुण डोनर मिळाला, नशीब," आणि पोट उघडलं की लिव्हर पिवळट, कडा गोल आणि फुगलेल्या, अंगठ्याने हलकं दाबलं तर ठसा तसाच राहतो. बायोप्सी पाठवली की पॅथॉलॉजिस्टचा फोन येतो, मोठ्या थेंबांची चरबी ४० टक्के. ते लिव्हर बर्फात ठेवलं की ती चरबी पेशींचं नुकसान वाढवते आणि पेशंटच्या पोटात ते सुरूच झालं नाही अशी भीती असते. आणि त्याच्या उलट, गावाकडची सडपातळ, आयुष्यभर शेतात राबलेली ७३ वर्षांची आजी, दारू नाही, साखर नाही, पक्षाघाताने गेलेली. तिचं लिव्हर लहानसं, गडद, कडा धारदार, पृष्ठभाग गुळगुळीत, बायोप्सीत चरबी पाच टक्के. मला विचाराल तर मी कुठलं लिव्हर घेईन हे सांगायला मला एक सेकंदही लागणार नाही. साधारण ३० टक्क्यांच्या वर मोठ्या थेंबांची चरबी असेल तर आम्ही थबकतो, आणि त्यावर वयही जास्त असेल तर बहुतेक वेळा सोडून देतो. म्हणजे एकेकटी गोष्ट चालते, दोन-तीन एकत्र आल्या की नाही चालत. वय अधिक चरबी, वय अधिक लांबचा प्रवास, वय अधिक कडक धमनी, या जोड्या बघायच्या.

अजून एक तपासणी वयस्कर डोनरमध्ये मी कधीच सोडत नाही, कॅन्सरची. मेंदूतला रक्तस्राव कधीकधी दुसरीकडून मेंदूत पसरलेल्या गाठीतून झालेला असतो आणि बाहेरून तो साधा पक्षाघात वाटतो. म्हणून डोनरचा जुना इतिहास घरच्यांकडून नीट विचारायचा, स्कॅन परत बघायचे, आणि पोट उघडल्यावर नुसतं लिव्हर न बघता किडन्या, आतडं, स्वादुपिंड सगळं हाताने चाचपून बघायचं. यात वेळ जातो पण तो घालवायचाच.

हिपॅटायटिस सी असलेल्यांसाठी एक बाजूची गोष्ट, तुमच्या बाबांना लागू नाही पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल. पूर्वी वयस्कर डोनरची बदनामी झाली त्याचं मोठं कारण हा आजार होता, कारण नव्या लिव्हरमध्ये व्हायरस परत यायचा आणि जुन्या लिव्हरमध्ये तो फार वेगाने सिरोसिस करायचा. २०१३ नंतर गोळ्या आल्या, आपल्याकडे २०१५ पासून स्वस्तात मिळायला लागल्या, आणि साधारण तीन महिन्यांच्या कोर्सने बहुतेकांचा व्हायरस जातो. त्यामुळे जुन्या काळातले वाईट आकडे आज जसेच्या तसे लावू नका. इंटरनेटवर सापडणारं बरंच लिखाण त्या काळातलं आहे.

आता तुमच्या बाबांचे आकडे. एक साधा गुणाकार आहे, डोनरचं वय गुणिले पेशंटचा मेल्ड. अमेरिकेच्या नोंदींवरून २००९ मध्ये हा मांडला गेला आणि उत्तर १६०० च्या वर गेलं तर निकाल बाकीच्यांपेक्षा खाली येतात असं दिसलं. तुमच्या केसमध्ये ७१ गुणिले २४ म्हणजे १७०४. म्हणजे काकांची भीती अगदीच हवेतली नव्हती, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण या गुणाकारात चरबी नाही, कोल्ड टाइम नाही, धमनी नाही. आणि मुख्य म्हणजे तो बाकीच्या ट्रान्सप्लांटशी तुलना करतो, लिस्टवर थांबण्याशी नाही. थांबण्याशी तुलना करणारे वेगळे अभ्यास आहेत आणि त्यात असं दिसतं की मेल्ड वीसच्या पुढे असलेल्या माणसाला जोखमीचं लिव्हर घेऊनही थांबण्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्त असते. उलट ज्याचा मेल्ड अगदी कमी आहे, चालता-फिरता आहे, त्याला जोखमीचं लिव्हर घालणं तोट्याचं ठरू शकतं. म्हणजे बाबांचा मेल्ड ११ असता तर मी तुम्हाला थांबा म्हणालो असतो. २४ ला मी थांबा म्हणणार नाही, पण कुठलंही ७१ चं लिव्हर घ्या असंही म्हणणार नाही. जवळचं, कमी चरबीचं, मऊ धमनीचं असेल तर घ्या.

आणि मेल्ड ३८, व्हेंटिलेटरवर, किडनी बंद, अशा पेशंटचं काय? त्याला गरज सगळ्यात जास्त, पण जुनं लिव्हर पहिले तीन-चार दिवस जरा हळू उठतं, कावीळ हळू उतरते, आणि तेवढे दिवस तग धरायची ताकद त्या शरीरात नसते. त्यामुळे वयस्कर लिव्हर आम्ही शक्यतो मधल्या पेशंटला देतो, ज्याला गरज आहे पण शरीरात अजून दम आहे, पहिलंच ट्रान्सप्लांट आहे, पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेत, गुठळी नाही. तुमचे बाबा आजच्या घडीला या मधल्या गटात आहेत. तीन महिन्यांनी असतील का हे कुणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच मी हे एवढं लांबण लावून लिहितोय.

ऑपरेशन टेबलवर हे कसं दिसतं तेही सांगतो कारण नातेवाइकांना बाहेर बसून काहीच कळत नाही. लिव्हर आलं की आधी बेंचवर, म्हणजे बर्फाच्या भांड्यात, ते साफ करतो, धमनी तपासतो, बायोप्सीचं उत्तर येईपर्यंत बाबांचं जुनं लिव्हर पूर्ण काढत नाही. इथपर्यंत मागे फिरता येतं. हे लक्षात ठेवा, तुम्ही फोनवर हो म्हणालात म्हणजे ते लिव्हर बसणारच असं नाही, कधीकधी पेशंट हॉस्पिटलला येतो, उपाशी राहतो, आणि सकाळी आम्ही सांगतो की लिव्हर बरं नव्हतं, घरी जा. घरच्यांना राग येतो, पण तो निर्णय पेशंटच्या भल्याचाच असतो. बसवल्यावर क्लॅम्प, म्हणजे रक्तवाहिन्यांना लावलेले चिमटे, सोडले की लिव्हर राखाडीपासून लाल व्हायला लागतं, चांगलं असेल तर सगळीकडे एकसारखं, ठिपके-ठिपके न राहता. मग बाकीचं काम करता करता पित्तनळीच्या उघड्या तोंडाकडे लक्ष असतं, तिथे सोनेरी तपकिरी पित्ताचा पहिला थेंब दिसला की सगळ्या टीमचा जीव भांड्यात पडतो. सत्तरीतल्या लिव्हरमध्ये तो थेंब मी टेबलवरच आलेला बघितलाय आणि तरुण पण चरबीच्या लिव्हरमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत वाटही बघितलीय.

मशीनबद्दल पण विचारतात लोक. बर्फाऐवजी लिव्हर पंपाला जोडायचं, ३७ अंशाला, त्यातून रक्त फिरवायचं आणि काही तास बघायचं की ते लॅक्टेट (रक्तात साठणारं आम्ल, जे चांगलं लिव्हर कमी करतं) कमी करतंय का, पित्त करतंय का. म्हणजे बसवायच्या आधीच परीक्षा. बर्मिंगहॅमच्या, २०२० मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये ब्रिटनमधल्या सगळ्या सेंटरनी नाकारलेली ३१ लिव्हर अशी मशीनवर ठेवली, २२ वापरण्याजोगी निघाली, आणि ते बावीसही पेशंट तीन महिन्यांनंतर जिवंत होते. पुढे त्यातल्या चौघांना पित्तनळीच्या त्रासामुळे परत ट्रान्सप्लांट लागलं, तेही सांगायला हवं. वयस्कर लिव्हरसाठी ही फार मोठी सोय आहे. आपल्याकडे अजून मोजक्याच ठिकाणी आहे आणि खर्चही मोठा आहे, त्यामुळे तुमच्या हॉस्पिटलमध्ये आहे का हे विचारा पण त्यावर सगळी आशा ठेवू नका.

मध्येच एक गोष्ट सांगतो जी या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाची आहे. आयसीयूमध्ये ७० च्या पुढचे पेशंट ब्रेन डेड होतात तेव्हा त्यांच्या घरी कुणी अवयवदानाचा विषयच काढत नाही. घरचे म्हणतात वय झालं होतं, आता त्यांचं काय घेणार, आणि कित्येकदा डॉक्टरही तेच धरून चालतात आणि को-ऑर्डिनेटरला कळवतच नाहीत. कायद्यात डोनरच्या वयाला वरची मर्यादा नाही. घेता येईल की नाही हे तपासून ठरतं, आणि ते ठरवायचं काम ट्रान्सप्लांट टीमचं आहे, घरच्यांनी किंवा आयसीयूने आधीच नाही म्हणायचं नसतं. तुमच्या घरात कुणी वयस्कर असतील आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांनी प्रतिज्ञा भरावी, आधारला जोडून ऑनलाइन भरता येते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्यांना तोंडाने सांगून ठेवावं कारण शेवटी संमती घरच्यांचीच विचारली जाते. आणि घेणाऱ्यांच्या बाजूने, लिस्टवर नाव घालायला पूर्वी जी ६५ वर्षांची मर्यादा होती ती केंद्राने २०२३ च्या फेब्रुवारीत काढून टाकली, त्यामुळे "बाबा ६७ चे आहेत, आता नाव घेणार नाहीत" असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, हॉस्पिटलला जाऊन विचारा.

आता आईचं. इथे माझं मत एकदम वेगळं आहे आणि तुम्हाला ते विसंगत वाटेल म्हणून नीट सांगतो. आपल्याकडे पाचातली चार लिव्हर ट्रान्सप्लांट जिवंत नातेवाइकाकडूनच होतात, त्यामुळे आईचा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. ब्रेन डेड माणसाचं लिव्हर पूर्ण मिळतं, ७१ वर्षांचं असलं तरी पूर्ण. जिवंत डोनरकडून उजवा भाग घ्यावा लागतो, म्हणजे साधारण साठ टक्के लिव्हर, आणि उरलेल्या पस्तीस-चाळीस टक्क्यांवर आईला जगायचं आणि ते वाढवायचं आहे. वयाबरोबर लिव्हर चालत राहतं हे खरं पण पुन्हा वाढायचा वेग मंदावतो. वर लहान भाग पेशंटलाही लवकर वाढवावा लागतो, म्हणजे वयाचा फटका दोघांना बसतो. म्हणून बहुतेक सेंटर ५० ते ५५ च्या पुढे जिवंत डोनर घेत नाहीत, काही जण अगदी निवडक केसमध्ये घेतात. तुम्ही लिहिलंय की आईला डायबेटीसच्या गोळ्या चालू आहेत. ५७ वय आणि डायबेटीस दोन्ही असताना मी तरी त्यांना टेबलवर घेणार नाही. उजवा भाग देणाऱ्या निरोगी डोनरमध्येही जिवाचा धोका हजारात दोन ते पाच असा सांगितला जातो, हा आकडा लहान दिसतो पण तो धडधाकट माणसावर आहे ज्याला ऑपरेशनची काहीच गरज नव्हती. बाबांच्या बाबतीत धोका पत्करायचा कारण न पत्करण्याचा धोका मोठा आहे. आईच्या बाबतीत तसं काही नाही. आईला हे असंच समजावून सांगा, "तुझं वय झालं" असं सांगू नका, त्या दुखावतील.

तुमचा स्वतःचा रक्तगट जुळत नाही म्हणालात पण तुम्ही २९ च्या आहात आणि तयार आहात, तर स्वॅपबद्दल विचारा. म्हणजे दुसऱ्या एखाद्या घरातही अशीच न जुळणारी डोनर-पेशंटची जोडी असेल तर तुमचं लिव्हर तिकडे आणि त्यांचं इकडे. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्याने जवळच्या नातेवाइकांमध्ये ते चालतं. पण कुणाच्या दबावाखाली हे करू नका. प्रत्येक सेंटरमध्ये डोनरशी एकटं बोलणारं माणूस असतं, त्यांना मनातलं खरं सांगा, तुम्ही नको म्हणालात तर बाकी घराला वैद्यकीय कारणच कळवलं जातं.

आणि बाबांना विचारलंत का? तुमच्या लिहिण्यात काका आहेत, आई आहे, तुम्ही आहात, बाबांचं मत कुठेच नाही. लिव्हर बिघडलं की अमोनिया वाढून गुंगी येते, माणूस गोंधळतो, मग विचारून उपयोग नसतो. आत्ता ते शुद्धीत आहेत, स्पष्ट बोलताहेत, तर याच आठवड्यात तुमच्या सर्जनची वेळ घ्या, बाबांना सोबत न्या आणि काकांनाही न्या. तिथे विचारा की वयस्कर डोनर, थोडी चरबी असलेला डोनर, लांबच्या गावचा डोनर, यातल्या कुठल्या ऑफर बाबांसाठी घ्यायच्या आणि कुठल्या नाही, तुमच्या हॉस्पिटलमध्ये सत्तरीच्या पुढच्या डोनरची लिव्हर बसवली आहेत का आणि ते पेशंट कसे आहेत. जोखमीच्या डोनरसाठी वेगळं संमतीपत्र असतं, ते तेव्हाच वाचून भरून ठेवा. फोन आला की मग चारच गोष्टी विचारायच्या: डोनर कुठे आहे, कोल्ड टाइम किती होईल असा अंदाज आहे, बायोप्सी करणार आहात का, आणि सर्जन स्वतः काय म्हणताहेत. चौथ्याचं उत्तर "घ्या" असेल तर निघा. दोन जणांचे मोबाइल नंबर को-ऑर्डिनेटरकडे द्या, रात्री सायलेंटवर ठेवू नका, आणि मेल्डच्या रक्ततपासण्या सांगितलेल्या तारखेला न चुकता करून रिपोर्ट हॉस्पिटलला पोचवत राहा.